गर्ट्रूड एलियन : जुनं औषध, नवा रोग



रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये अलीकडे नोकरीला लागलेल्या मित्रांना एक गोष्ट आता दाखवता येत नाही, याची आम्हाला थोडी रुखरुख आहे. कॉर्नवॉलिस रोडच्या बाजूला टेकाडावर एक अजब इमारत होती. सरळ उभी भिंत म्हणून दिसायची नाही, सगळं तिरकं आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेलं, जणू कुणी अवकाशयान आणून टेकवलंय. पॉल रूडॉल्फ या नामवंत वास्तुकाराने बरोज वेलकम या औषध कंपनीसाठी ती उभारली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कंपनीचा कारभार तिथून चालायचा. १९८३ सालच्या 'ब्रेनस्टॉर्म' या सायन्स फिक्शन सिनेमातही ती दिसते. तिचं नंतरचं नाव एलियन-हिचिंग्ज बिल्डिंग. एच-वनवर आलेल्या आम्हा दोघांना एलियन हा शब्द फक्त टॅक्सच्या फॉर्मवरून ठाऊक! त्यामुळे असल्या इमारतीला हे नाव अगदी शोभतं, असंच आम्ही बरेच दिवस समजत होतो. २०२१ मध्ये ती पाडली गेली आणि त्याच वर्षी, अगदी वेगळ्या कारणाने, त्या नावामागच्या बाईंची आम्हाला ओळख झाली.

एप्रिल २०२१ चे ते दिवस आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नसेल. आमचे काका पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते. एके दिवशी चुलत भावाचा मेसेज आला की डॉक्टरांनी रेमडेसिविरच्या सहा बाटल्या आणायला सांगितल्यात आणि दुकानांपुढे रांगा आहेत. इथे आपली रात्र, तिथे दिवस. आम्ही दोघं दोन फोन आणि एक एक्सेल शीट घेऊन बसलो. कॉलेजचे मित्र, मित्रांचे मेव्हणे, कुणाच्या ओळखीतले केमिस्ट, असं करत नागपूर, नाशिक, कोल्हापूर पालथं घातलं. चार बाटल्या रीतसर मिळाल्या. उरलेल्या दोन कशा मिळाल्या ते लिहिण्यासारखं नाही. काका तीन आठवड्यांनी घरी आले. पण नंतर शांतपणे वाचायला बसलो तेव्हा कळलं की हे इंजेक्शन मुळात कोविडचं नाहीच. ते आधी दुसऱ्या विषाणूंसाठी शोधलेलं, मग इबोलावर आजमावलेलं आणि तिथे मागे पडलेलं. कोरोनाच्या जातीच्या विषाणूंवर प्रयोगशाळेत त्याचा परिणाम दाखवणारा २०१७ चा अभ्यास तर आपल्या शेजारच्या चॅपल हिलच्या विद्यापीठात, राल्फ बॅरिक यांच्या प्रयोगशाळेत झालेला! म्हणजे आम्ही अर्धा महाराष्ट्र ज्यासाठी पालथा घातला, त्याची गोष्ट आमच्या घरापासून वीस मिनिटांवर घडली होती.

मग प्रश्न पडला, की एका रोगासाठी केलेलं औषध दुसऱ्याच रोगावर चालेल हे कुणाला सुचतं, आणि ते चाललं की नाही हे ठरवतं कोण? त्याचं उत्तर शोधताना वारंवार एकच नाव समोर येत राहिलं, ते त्या पाडलेल्या इमारतीवरचं.

गर्ट्रूड एलियन यांचा जन्म न्यूयॉर्कचा, २३ जानेवारी १९१८ चा. घरात त्यांना ट्रूडी म्हणत. वडील लिथुआनियातून लहानपणी आलेले, दातांचे डॉक्टर. आईही पूर्व युरोपातून आलेली. म्हणजे आपल्या मुलांसारखीच ही इमिग्रंट घरातली मुलगी. सहा वर्षांची असताना धाकटा भाऊ झाला आणि कुटुंब ब्राँक्समध्ये राहायला गेलं. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत वडिलांचे पैसे बुडाले. कॉलेज परवडलं ते केवळ हंटर कॉलेजात फी नव्हती म्हणून.

तिच्या आजोबांचा तिच्यावर फार जीव. ते घड्याळं दुरुस्त करायचे, नातीला गोष्टी सांगायचे. ती पंधरा वर्षांची असताना पोटाच्या कॅन्सरने, फार यातना सोसून ते गेले. त्या उन्हाळ्यात ट्रूडीने ठरवलं की केमिस्ट्री शिकायची आणि या रोगावर काहीतरी करायचं. पंधराव्या वर्षी आपणही बरंच काही ठरवतो, पुढे इंजिनिअरिंगला जातो. हिने मात्र ते शेवटपर्यंत धरून ठेवलं.

१९३७ मध्ये अव्वल दर्जाने पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. मंदी होतीच, त्यात मुलगी. एका ठिकाणी तर मुलाखत छान झाली, पण प्रयोगशाळेत बाई आली की पुरुषांचं लक्ष उडेल, या कारणावरून नकार मिळाला. काही आठवडे सेक्रेटरीचा कोर्स केला, नर्सिंगच्या मुलींना तीन महिने शिकवलं, मग एका केमिस्टकडे बिनपगारी काम धरलं. पुढे आठवड्याला वीस डॉलर मिळू लागले. पैसे साठवून न्यूयॉर्क विद्यापीठात एम.एस. केलं, दिवसा शाळेत शिकवत आणि रात्री व शनिवार-रविवारी प्रयोग करत. १९४१ मध्ये पदवी हातात आली तेव्हा वर्गात केमिस्ट्रीची ती एकटी मुलगी होती.

त्याच वर्षी आणखी एक घाव बसला. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो तरुण हृदयाच्या झडपांना झालेल्या जंतुसंसर्गाने गेला. पेनिसिलिन सर्वांना मिळू लागायला आणखी काही वर्षं होती. ज्या रोगावर पुढे सहज इलाज निघाला, त्याने तिचा माणूस नेला. एलियनबाईंनी नंतर लग्न केलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि प्रयोगशाळांची दारं बायकांना किलकिली झाली. बाईंना पहिली नोकरी मिळाली ती एका किराणा कंपनीत, लोणच्याचा आंबटपणा आणि मेयोनेजमध्ये पडणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग तपासायची! (आम्हाला आमचं सुरुवातीचं क्यू.ए.चं काम आठवलं. बटन निळंच आहे ना, एवढं दिवसभर बघायचं.) तिथे शिकण्यासारखं संपलं तसं त्यांनी ते सोडलं. वडिलांच्या दवाखान्यात बरोज वेलकमच्या वेदनाशामक गोळ्यांचे नमुने यायचे. त्यावरून त्यांनी या कंपनीची चौकशी करायला सांगितलं. न्यूयॉर्कच्या बाहेर टकाहो गावात कंपनीची प्रयोगशाळा होती. १९४४ मध्ये जॉर्ज हिचिंग्ज यांची मदतनीस म्हणून, आठवड्याला पन्नास डॉलरवर, गर्ट्रूड एलियन रुजू झाल्या. पुढची चाळीस वर्षं त्यांनी नोकरी बदलली नाही. आपल्या क्षेत्रात हे कुणाला खरं वाटायचं नाही!

रात्री ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये पीएच.डी. सुरू केली होती. टकाहोहून ब्रुकलिनला ये-जा करायची. दोन वर्षांनी तिथल्या डीनने बजावलं की नोकरी सोडून पूर्णवेळ या, नाहीतर राहू द्या. त्यांनी नोकरी ठेवली, पीएच.डी. सोडली. ती त्यांनी कधीच केली नाही.

आता हिचिंग्ज यांची कल्पना. तेव्हा नवी औषधं बहुतेक नशिबाने सापडत. हजार रसायनं घ्या, उंदरांना द्या, काय होतं बघा. हिचिंग्ज म्हणाले की असं नको. कुठल्याही पेशीला वाढायचं तर डीएनएची नक्कल करावी लागते, त्यासाठी ठरावीक विटा लागतात. आपण त्या विटांसारख्याच दिसणाऱ्या पण खोट्या विटा बनवू. कॅन्सरची पेशी, जंतू, विषाणू हे घाईत असतात. घाईत ते खोटी वीट उचलतील आणि त्यांचं बांधकाम अडेल. एलियनबाईंच्या वाट्याला प्युरिन नावाच्या विटा आल्या. डीएनएचा दुहेरी गोफ १९५३ मध्ये उलगडला. या लोकांनी त्याच्या जवळजवळ दहा वर्षं आधी काम सुरू केलं होतं.

पहिलं आशा दाखवणारं रसायन डायअमिनोप्युरिन. १९४८ च्या सुमारास रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं. एका तरुणीचा रोग पार ओसरला, तिचं लग्न झालं, मूल झालं, आणि दोन वर्षांनी रोग परतून ती गेली. म्हातारपणीसुद्धा ही हकिकत सांगताना बाईंचे डोळे भरून यायचे असं त्यांना ओळखणारे सांगत. त्याच सुमारास या रसायनाचा देवीच्या कुळातल्या व्हॅक्सिनिया विषाणूवरही थोडा परिणाम दिसला होता. पण ते फार विषारी, म्हणून बाजूला ठेवलं गेलं. मंडळी, हे बाजूला ठेवलेलं रसायन लक्षात असू द्या.

शंभरावर प्युरिनं करून पाहिल्यावर त्यातल्या एकात ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवला आणि ६-मर्कॅप्टोप्युरिन तयार झालं. ल्युकेमिया झालेली मुलं तेव्हा तीन-चार महिन्यांत जायची. १९५३ मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि काही मुलं वर्षभर तगू लागली. पुढे इतर औषधांच्या जोडीने दिल्यावर बहुतेक मुलं बरी होऊ लागली. आजही ते वापरात आहे.

इथून पुढे खरी गंमत आहे. १९५८ मध्ये बॉस्टनच्या दोन डॉक्टरांना दिसलं की हे कॅन्सरचं औषध सशांची रोगप्रतिकारशक्ती दाबतं. मग ब्रिटिश सर्जन रॉय काल्न यांनी ते मूत्रपिंड बदललेल्या कुत्र्यांना दिलं आणि परकं मूत्रपिंड शरीराने लवकर नाकारलं नाही. एलियनबाईंनी त्याचाच सुधारलेला भाऊ अझाथायोप्रिन पुढे केला. १९६२ मध्ये बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी नात्यात नसलेल्या माणसाचं मूत्रपिंड बसवलं ते या औषधाच्या आधारावर. आणखी एक म्हणजे ६-मर्कॅप्टोप्युरिन शरीरात लवकर मोडू नये म्हणून बाईंनी अॅलोप्युरिनॉल आणलं. त्या कामी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण ते युरिक अॅसिड कमी करतं हे त्यांनी हेरलं आणि १९६६ मध्ये ते गाउटचं औषध म्हणून बाजारात आलं. कॅन्सरसाठी निघालेल्या माणसाने वाटेत मूत्रपिंड आणि संधिवात दोन्ही उरकले!

आम्हाला यात नशिबापेक्षा शिस्त जास्त दिसते. आपल्याकडे जुना कोड सगळेच सांभाळतात, पण दहा वर्षांनी तो उघडला की काय कशासाठी लिहिलं होतं ते कुणाला आठवत नाही. बाईंच्या प्रयोगशाळेत प्रत्येक रसायनाची नोंद असे : कशावर चाललं, कशावर नाही, किती विषारी, शरीरात त्याचं काय होतं. निकामी ठरलेलं काहीच फेकलेलं नव्हतं.

म्हणूनच १९६८ मध्ये, साधारण तशाच एका साखर जोडलेल्या प्युरिनचा विषाणूंवर परिणाम होतो असं वाचल्याबरोबर, त्यांना वीस वर्षांपूर्वीचं डायअमिनोप्युरिन आठवलं. त्याला तशीच साखर जोडून नमुना इंग्लंडच्या शाखेत पाठवला. तो नागिणीच्या जातीच्या हर्पीस विषाणूंवर चालला, आणि विषारीही कमी होता. १९७० मध्ये कंपनी न्यूयॉर्क सोडून नॉर्थ कॅरोलायनात आली, बाई चॅपल हिलला राहू लागल्या, आणि चार-पाच वर्षं गाजावाजा न करता काम केल्यावर हाती आलं असायक्लोव्हिर. हे औषध नुसतं पेशीत गेलं तर झोपलेलं राहतं. विषाणूचं स्वतःचं एंझाइमच त्याला जागं करतं. म्हणजे चोरानेच आपल्या हाताने बेडी घालून घ्यायची. तोपर्यंत डॉक्टरांचा साधारण समज असा होता की विषाणू मारायचा तर पेशीही मरणार. असायक्लोव्हिरने तो मोडला. १९८२ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि १९८३ मध्ये बाई निवृत्त झाल्या.

निवृत्त म्हणजे नावापुरत्या. ऑफिस त्याच इमारतीत, सल्लागार म्हणून रोजचं येणं-जाणं. आणि तेवढ्यात नवा रोग आला.

जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची पहिली नोंद झाली. १९८३ मध्ये पॅरिसला विषाणू सापडला. एड्स झालेला माणूस वाचत नसे. भारतात पहिली लागण सापडली १९८६ मध्ये मद्रासला, आणि ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली.

हा विषाणू रेट्रोव्हायरस होता, त्या काळी माणसात जेमतेम माहीत झालेला प्रकार. नवं औषध शून्यापासून करायचं तर दहा-बारा वर्षं. लोक मरत होते महिन्यांत. मग एकच वाट उरली, कपाटं उघडायची. १९८४ मध्ये बरोज वेलकमच्या लोकांनी जुनी रसायनं काढून उंदरांच्या रेट्रोव्हायरसवर लावून पाहायला सुरुवात केली. एचआयव्ही हाताळण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती, म्हणून उंदरांचे विषाणू. कुठली रसायनं लावायची ते निवडणाऱ्यांत जॅनेट राइडआउट होत्या, एलियनबाईंच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेल्या. चाचण्या करत होत्या मार्टी सेंट क्लेअर. त्यातलं एक रसायन विषाणूला अगदी रोखून धरत होतं. त्याचं नाव अझिडोथायमिडीन, म्हणजेच एझेडटी.

हे रसायन कंपनीचंही नव्हतं. डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉरविट्झ यांनी १९६४ मध्ये ते कॅन्सरसाठी बनवलं होतं, त्याच खोट्या विटांच्या कल्पनेवर. उंदरांचा ल्युकेमिया त्याने बरा झाला नाही. हॉरविट्झ यांनी निराश होऊन ते ठेवून दिलं, पेटंटसुद्धा घेतलं नाही. १९७४ मध्ये जर्मनीत वोल्फ्राम ओस्टरटाग यांना ते उंदरांच्या एका रेट्रोव्हायरसवर चालतं असं दिसलं. पण माणसाला रेट्रोव्हायरस होतो हेच तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे कुणी दखल घेतली नाही. उत्तर छापून तयार होतं, प्रश्न यायचा होता.

ते चालतं कसं? आगगाडीचा डबा डोळ्यांपुढे आणा. दोन्ही टोकांना जोडणीचा हूक असतो. एझेडटी हा हुबेहूब तसाच डबा, पण मागच्या टोकाला हूकच नाही. विषाणू आपली गाडी जोडत जातो, हा डबा लावतो आणि पुढचा डबा जोडायला जागाच उरत नाही. आपल्या पेशींचं एंझाइम असला डबा सहसा घेत नाही, विषाणूचं एंझाइम मात्र फसतं. सहसा म्हटलं, कारण काही प्रमाणात आपल्या पेशीही फसतात. त्याची किंमत पुढे येते.

फेब्रुवारी १९८५ मध्ये एझेडटीचा नमुना सांकेतिक नाव लावून बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गेला. तिथे सॅम ब्रोडर आणि हिरोआकी मित्सुया यांनी तो खऱ्या एचआयव्हीवर लावला. चालला. जुलैमध्ये पहिल्या रुग्णाला औषध दिलं. सुरुवातीच्या १९ रुग्णांपैकी १५ जणांच्या रक्तात लढाऊ पेशी वाढल्या. (श्रेय कुणाचं यावरून पुढे कोर्टकचेरी झाली, ती वेगळीच कथा.) औषध बनवायला लागणारं थायमिडीन तेव्हा हेरिंग माशांच्या शुक्रातून काढत असत आणि तेही जेमतेम मिळत होतं.

आता सगळ्यात अवघड पायरी. १९ जणांवर चाललं म्हणजे चाललं का? एड्सच्या रुग्णांची प्रकृती आपोआपही वरखाली व्हायची. १९८६ च्या सुरुवातीला २८२ रुग्ण घेतले. १४५ जणांना एझेडटी, १३७ जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही माहीत नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला साखरेची गोळी द्यायची, यावर तेव्हा बरीच खळबळ झाली आणि ती रास्तच होती. काही रुग्ण आपल्या गोळ्या बाहेरून तपासून घेत, खरी निघाली तर मित्रांत वाटून खात, अशा हकिकती नोंदलेल्या आहेत. आम्ही त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं? ज्यांनी दोन बाटल्या मागच्या दाराने घेतल्या त्यांनी यावर बोलूच नये.

पण त्या गोळ्यांमुळेच उत्तर मिळालं. सप्टेंबर १९८६ पर्यंत औषध नसलेल्या गटात १९ मृत्यू झाले होते, एझेडटीच्या गटात एक. देखरेख समितीने अभ्यास तिथेच थांबवून सगळ्यांना औषध द्यायला सांगितलं. मार्च १९८७ मध्ये मान्यता मिळाली. बेथेस्डाच्या प्रयोगशाळेपासून औषधाच्या दुकानापर्यंत सुमारे दोन वर्षं.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट खोटी होईल. पहिल्या वर्षी औषधाचा खर्च माणशी सुमारे दहा हजार डॉलर होता. सरकारी पैशांनीही ज्याचं काम झालं त्याची ही किंमत, म्हणून लोक खवळले. एप्रिल १९८९ मध्ये सूटबूट घातलेले चार कार्यकर्ते इथल्या कंपनीच्या मुख्यालयात शिरले आणि एका खोलीत स्वतःला कोंडून बसले. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात निदर्शनं झाली, त्यानंतर काही दिवसांत किंमत वीस टक्के उतरली. सुरुवातीचा डोसही फार मोठा होता, दर चार तासांनी गोळी, रात्रीसुद्धा गजर लावून. रक्त इतकं कमी व्हायचं की अनेकांना बाहेरून रक्त द्यावं लागे. आणि विषाणूही शिकत गेला. एकट्या एझेडटीचा फायदा काही महिन्यांनी ओसरू लागला. लक्षणं नसतानाच औषध सुरू करून आयुष्य वाढत नाही, हे युरोपातल्या काँकॉर्ड अभ्यासाने दाखवलं. गर्भवती बायकांच्या बाबतीत मात्र १९९४ मध्ये फार मोठी बातमी आली. एझेडटी दिल्यावर बाळाला लागण होण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं. १९९६ पासून तीन औषधं एकत्र देऊ लागले आणि एड्स हा सांभाळून जगता येणारा आजार झाला.

तीन औषधांचा तो खर्च गरीब देशांना झेपणारा नव्हता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ती दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली आणि जगभर खळबळ उडाली. त्या तिन्हींतलं एक, स्टाव्ह्युडीन, हेही हॉरविट्झ यांनीच १९६० च्या दशकात कॅन्सरसाठी बनवलेलं आणि बाजूला पडलेलं!

एझेडटीचं श्रेय एलियनबाईंनी कधी स्वतःकडे घेतलं नाही. आपण फक्त ती माणसं तयार केली, एवढंच त्या सांगत. १९८८ चं नोबेल हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्या जोडीने मिळालं. सकाळी साडेसहाला फोन आला तेव्हा त्या तोंड धूत होत्या आणि आधी त्यांना ती थट्टा वाटली. ज्या पॉलिटेक्निकची पीएच.डी. सोडावी लागली होती त्यांनीच मग सन्मानाने डॉक्टरेट दिली. ऑपेराचं वेड एवढं, की नॉर्थ कॅरोलायनात येऊनही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनची तिकिटं सोडली नाहीत. मुंबईच्या नाटकांसाठी पुण्याहून डेक्कन क्वीन पकडणारे लोक आमच्या घरातही होते, त्यामुळे हे लगेच समजलं. शेवटची वर्षं ड्यूकच्या मेडिकलच्या मुलांना संशोधन शिकवण्यात गेली. २१ फेब्रुवारी १९९९ ला चॅपल हिलमध्ये त्यांचं निधन झालं.

२०२० मध्ये पुन्हा कपाटं उघडली. आपल्या सगळ्यांच्या फोनवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे फॉरवर्ड आले होते, आम्हीही दोन-चार पुढे ढकलले असतील. काचेच्या बशीत ते विषाणू अडवत होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी अभ्यासाने हॉस्पिटलमधल्या हजारो रुग्णांवर तपासून सांगितलं की मृत्यू कमी होत नाहीत. त्याच अभ्यासाने त्याच महिन्यात डेक्सामेथासोनचं सांगितलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू एक-तृतीयांशाने कमी! १९५० च्या दशकातलं, काही रुपयांना मिळणारं स्टेरॉइड ते. आणि रेमडेसिविर? १,०६२ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात बरं व्हायला पंधराऐवजी दहा दिवस लागले, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासात मृत्यूंवर फारसा फरक दिसला नाही. हे ऑक्टोबर २०२० मध्येच बाहेर आलं होतं. आमची एक्सेल शीट एप्रिल २०२१ ची.

काकांना सहा बाटल्यांबरोबर डेक्सामेथासोनही चालू होतं, हे आम्हाला डिस्चार्जच्या कागदांवर नंतर दिसलं. त्यासाठी कुणाला फोन करावा लागला नव्हता.

गेल्या दिवाळीला व्हिडिओ कॉलवर काकांना ही सगळी कथा सांगितली. एझेडटीपर्यंत ते ऐकत होते, गाउटच्या औषधाशी आल्यावर मात्र त्यांनी आम्हाला थांबवलं. काकूंना हाक मारून गोळ्यांचा डबा मागवला, चष्मा लावून त्यातली झायलोरिकची पट्टी शोधली आणि मागची बारीक अक्षरं आम्हाला वाचता यावीत म्हणून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरली. अॅलोप्युरिनॉल. पायाच्या अंगठ्यासाठी ते ही गोळी कित्येक वर्षं रोज घेतायत.